मोज्याची गाय

पोरांना मराठी बोलायला कसं लावायचं, असं विचारताय ना? मग समुद्रापारच्या क्युरपिप गावातल्या लताचं ऐका. मी तिथे संध्याकाळी मराठीचा वर्ग घ्यायचे. लताला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती फक्त तिथली क्रेओल बोली. एक दिवस तिची आई आली.

“बाई, वर्ष झालं, हिच्या तोंडातून शब्द नाही. उद्यापासून नाही पाठवत.”

“आज बसून तर बघा,” मी म्हटलं.

आम्ही जुन्या मोज्यांचे प्राणी करत होतो. बटणाचे डोळे, चिंधीचे कान. लताने कुत्रा केला. मी म्हटलं, “याच्याशी मराठीत बोल.”

ती क्रेओलमध्येच म्हणाली, “मिस, कुत्र्याला मराठी कुठे येतं?”

“मग कोणाला येतं?”

“गाईला.”

मी कुत्र्याला पुठ्ठ्याची शिंगं शिवली. लताने मोजा हातात चढवला आणि खणखणीत मराठीत ओरडली, “नीट उभी राहा गं भवाने! पुन्हा बालदी लवंडलीस तर खाटकाला देईन!”

वर्ग हसून लोळला. आईने पदर तोंडाला लावला. “सासूबाई गोठ्यात असंच बोलतात.”

“आणि घरात?”

“घरात आम्ही क्रेओलमध्ये उत्तरं देतो. म्हणून आता त्या गाईशीच मराठी बोलतात.” मग म्हणाली, “पाठवते उद्या. शिव्या तेवढ्या शिकवू नका.”

सासूबाईंचं मला नवल वाटलं नाही. आमचे हे गेल्यापासून मीही घरात मांजराशीच मराठी बोलत होते. आणि मांजर मान वळवून बघायचंसुद्धा नाही.