घंटेनंतरचे दोन सेकंद

सन्माननीय अध्यक्ष आणि टॅलमन कॉलेजच्या प्राचार्य डॉ. लेनोर प्रुइट, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले रेव्हरंड हॉल्व्हर्सन, बास्केटबॉल संघाचे कोच नीडरमायर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती ॲर्डिथ कोबेल, आणि समोर हातांची घडी घालून बसलेल्या, 'गिरणीवाले' या आपल्या संघाच्या समर्थक मंडळाच्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

प्रारंभीच एक खुलासा करतो. सत्कारमूर्तींची खुर्ची आम्ही इथे वरच मांडली होती. बाई म्हणाल्या, "लॉइड, मी खालीच बरी." म्हणून त्या पहिल्या टेबलाशी बसल्या आहेत. मंडळाने मानपानात कसूर केलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

मी मंडळाचा कार्यवाह. माझं टायरचं दुकान आहे, भाषणाचं नाही. तरी गेली बरीच वर्षं या गावातले निरोप माझ्याच वाट्याला येतात. पोस्टमास्तरांना मी निरोप दिला, दोन कोचना दिला, संघाच्या बसचालकाला दिला. दर वेळी मी उत्साहाने उभा राहिलो. आज मात्र मार्लिसने, म्हणजे माझ्या बायकोने, अक्षरशः कोट अंगात घालून मला दारातून बाहेर ढकललं. मी तिला म्हटलं, "काय बोलू मी? बाईंबद्दल मनात प्रेम आहे की राग, तेच कळत नाही." ती म्हणाली, "दोन्ही बोल. पण बाईंकडे बघून बोल."

तर बाई, बघतो आहे.

ॲर्डिथबाईंची ओळख या सभागृहात कोणाला करून द्यावी? त्यांचे यजमान गस आपल्या पीठगिरणीचे शेवटचे मुकादम. गिरणी बंद पडली, गस गेले, आणि पाळी सुटल्याची ती पितळी घंटा कॉलेजच्या व्यायामशाळेत आली. तिच्याबरोबर बाई आल्या. तेव्हापासून दोरी त्यांच्या हातात. सामना जिंकला की घंटा. रोज दुपारी पोरांचा सराव संपला की घंटा. बर्फ पडो, गुडघा दुखो, बाई हजर. चाळीसेक वर्षांत आपण त्यांना कधी मानधन विचारलं नाही आणि त्यांनीही ते कधी मागितलं नाही. नाताळात एक हॅम दिला, तोही मला वाटतं दोनदाच.

आणि गिरणीचा जुना नियमही घंटेबरोबर आला. घंटा झाली की पोतं जिथे असेल तिथे ठेवायचं. घंटेनंतर जो हात लावेल त्याच्या घरावर काहीतरी संकट येतं, असं आपले आजोबा मानत. आपण शिकलेसवरलेले लोक, आपण कशाला मानू? पण आपली पोरं काय करतात? घंटा झाली की चेंडू हातातून सोडतात. उडी मारलेली असली तरी खाली येताना हात पाठीमागे. घंटेनंतर चेंडूला शिवायचं नाही. बाहेरगावच्या पोरालासुद्धा आपण पहिल्या आठवड्यात हे शिकवतो, आणि कौतुकाने शिकवतो. पाहुण्यांना दाखवतो, "बघा आमची शिस्त!"

आता मी त्या शनिवारकडे येतो. नाही, डॉक्टर प्रुइट, आपण मला येताना सांगितलंत, "लॉइड, सामन्याचा विषय नको, आज निरोप आहे." मला मान्य आहे. पण मला सांगा, मॅडम, दुसऱ्या कोणत्या कारणाने आज निरोप आहे?

माफ करा. आवाज चढला.

मंडळी, एका गुणाने आपण पुढे होतो. एका गुणाने! आपल्याच व्यायामशाळेत, ऑर्डवे कॉलेजविरुद्ध, विभागाचा अंतिम सामना. जिंकलो की थेट राष्ट्रीय स्पर्धा. टॅलमन कॉलेज कधी गेलं आहे तिथे? माझे वडील वाट बघता बघता गेले. दवाखान्यात शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते, पण "या वर्षी उंच पोरगा मिळाला का रे?" हे विचारायचे. आणि मी दर वर्षी खोटं सांगायचो, "मिळाला, बाबा." या वर्षी खरंच मिळाला होता हो! ट्रॅव्हिस! सहा फूट नऊ इंच! आणि हातात लोण्यासारखा चेंडू!

दोन सेकंद राहिले होते. चेंडू त्यांचा. त्यांचा तो लालकेस्या बाहेरच्या रेषेवर उभा. आणि घंटा वाजली.

पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लालकेस्याने चेंडू आत फेकला. तो ट्रॅव्हिसच्या छातीसमोरून गेला. पोराचा हात पुढे झाला होता, मी पाहिला, बोटं उघडली होती. आणि त्याने हात मागे घेतला. मागे घेतला! आपल्या पाचही पोरांनी हात पाठीशी बांधले, शाळेच्या प्रार्थनेला बांधतात तसे. ऑर्डवेच्या पोराने चेंडू झेलला, इकडे तिकडे बघितलं, त्यालाही खरं वाटेना. मग सावकाश उडी मारून जाळीत टाकला. आणि त्यानंतर सामना संपल्याचा भोंगा झाला.

आपण पंचांकडे धावलो. मीही धावलो. "हा डाव पुन्हा खेळवा!" पंच काय म्हणाला? "घंटा तुमची, वाजवली तुम्ही, हात खाली टाकले तुमच्या पोरांनी. मी काय करू?" त्या माणसाचा मला अजून राग येतो, कारण त्याच्या बोलण्यात एकही चूक सापडत नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले? माझ्या शेजारच्या ऑर्व्हिलने आपल्या दुकानावरचा संघाचा झेंडा उतरवून त्याने ट्रॅक्टर पुसला. रेव्हरंडसाहेब, आपण रविवारी बायबलातली, सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट वाचायला लावलीत आणि पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "ईयोबाला निदान शेवटी मेंढरं परत मिळाली." मी स्वतः रोज टीव्हीसमोर बसून तोच डाव लावत होतो. दर वेळी वाटायचं, या वेळी ट्रॅव्हिस हात पुढे करेल. मार्लिसने शेवटी रिमोट पिठाच्या डब्यात लपवला. माणसाला इतकं लागावं का? खेळच तो. पोरांचा खेळ. पण मला कोणी सांगा, या गावात दुसरं काय उरलं आहे? गिरणी गेली, रेल्वे थांबत नाही, आपली मुलं शिकली की शहरात. हिवाळाभर शनिवारची दुपार तेवढी आपली होती. तीही अशी गेली.

आणि इतकं दुःख पोटात मावेना, तेव्हा ते कुठेतरी ओतायला हवं होतं. आपण कुठे ओतलं?

काय ऑर्व्हिल? हॅम गार होतोय? होऊ दे. आजवर या गावात कोणी गरम हॅम खाल्ला आहे?

कॉफीच्या दुकानात मी होतो, म्हणून सांगतो. बाई नेहमीच्या टेबलाशी बसल्या होत्या. पलीकडून एकजण म्हणाला, "ॲर्डिथबाई, बिल मागवू का? की अजून दोन घोट बाकी आहेत?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "अरे, त्यांना विचारू नकोस, त्या कप भरायच्या आधीच उठतील." पुन्हा हसले. बाईंनी कप खाली ठेवला आणि कोट घेतला. त्या परत तिथे आल्या नाहीत. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा राहायला लागली. मग दारावर घर विकाऊ असल्याची पाटी लागली. ॲरिझोनात बहीण आहे, तिच्याकडे जातायत, असं कळलं. आणि आपण काय केलं? आपण कार्यकारिणीची बैठक घेतली आणि रीतीप्रमाणे निरोप समारंभ ठरवला!

त्या बैठकीचाही वृत्तान्त ऐका. मानपत्राच्या फळीवर आपला मजकूर ठरलेला असतो, "निष्ठेने आणि वेळेवर केलेल्या सेवेबद्दल." एका सभासदाने सूचना मांडली की "वेळेवर" हा शब्द वगळावा. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शब्द वगळला गेला. ही पाहा फळी. "निष्ठेने आणि", मग मोकळी जागा, मग "केलेल्या सेवेबद्दल." कोरणाऱ्याने "आणि" तसाच ठेवला. तो ऑर्डवेचा आहे, त्याने मुद्दामच ठेवला असणार.

हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर माझं ऐका.

मला कोणाचे वाभाडे काढायचे नाहीत. पण सोमवारी माझ्या दुकानात जो येत होता त्याचा घसा बसलेला होता. ऑर्व्हिल, तुझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता, तू मला बोटांनी सांगितलंस की पुढचं डावं चाक. रेव्हरंडसाहेब, आपण त्या रविवारी भजनं म्हणू शकला नाहीत. काय ओरडत होतो आपण सगळे, दोन सेकंद राहिले असताना? "वाजव! वाजव! ॲर्डिथ, वाजव!" सगळी व्यायामशाळा तेच ओरडत होती. मी वळून पाहिलं होतं. बाई दोरी धरून उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या, नाही, नाही, अजून नाही. चाळीस वर्षांत ज्या बाईने भोंग्याच्या आधी कधी घंटा वाजवली नाही, तिच्या अंगावर दोन हजार माणसं ओरडत होती. तिने काय करावं? आपणच वाजवायला लावली. आणि वाजली तशी आपण तिला एकटीला सोडून दिलं.

अध्यक्ष महोदया, आपली परवानगी न घेता मी एक विनंती करणार आहे. त्या दुपारी ज्याने ज्याने "वाजव" म्हणून आरोळी दिली, त्याने कृपया आपल्या जागी उभं राहावं. बाई उद्या सकाळी निघणार आहेत. त्यांना निदान एवढं बघून जाऊ द्या.

...

कोणी नाही?

कोच, आपण बाकावर होतात, आपलं सोडा. पण बाकीचे? सगळे ताटलीत बघताहेत. बटाटे इतके बघण्यासारखे आहेत का?

...

नाही, बाई, तुम्ही नका उठू. तुम्हाला नाही म्हटलं मी. बसा. कृपा करून बसा. कोट कशाला घेताय? मंडळी, कोणीतरी... अरे, त्या चालल्या!

नाही? जात नाही? मग काय म्हणताय? मागच्यांना ऐकू येत नाही, बाई. ध्वनिक्षेपक तिकडे न्या. बरं, राहू द्या, मी सांगतो. शांतता राखा.

बाई म्हणतात, "लॉइड, माझ्या वतीने खोटं बोलू नकोस. मी कोणाचं ऐकून घंटा वाजवली नाही. तुमचा आवाज माझ्या कानात शिरतच नव्हता."

मग का, बाई?

...

बाई म्हणतात, "मीच ओरडत होते. मान हलवत होते ती मलाच सांगत होते, थांब म्हणून. मला राहवलं नाही. तुम्हाला सगळ्यांना जायचं होतं ना राष्ट्रीय स्पर्धेला? मलाही जायचं होतं."

...

मंडळी, मी आज कागदावर पुष्कळ लिहून आणलं होतं. बाईंच्या सेवेबद्दल, त्यागाबद्दल. त्यात हे कुठेच नव्हतं. तुमच्या मनात कधी आलं होतं? माझ्या नव्हतं आलं. मला वाटलं, आपण सामना बघतो आणि बाई घंटा सांभाळतात. त्या शनिवारी भोंगा झाला तेव्हा आपण काय केलं? मी ऑर्व्हिलच्या गळ्यात पडलो, आणि त्याआधी कुंपणाच्या भांडणावरून आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मार्लिस अनोळखी माणसाच्या खांद्यावर रडली. डॉक्टर प्रुइट, आपण सफाई कामगारांना मिठी मारलीत. सगळं गाव एकमेकांना धरून बसलं होतं. आणि त्याच छपराखाली एक बाई हातात दोरी घेऊन उभी होती. तीही तोच सामना हरली होती. तिच्या गळ्यात कोण पडलं?

आपण उद्या त्यांना अडवू शकत नाही. घर विकलं गेलं आहे, सामान गेलं आहे. राष्ट्रीय स्पर्धा यायची तेव्हा येईल, बहुधा माझ्या हयातीत नाही. मला खोटा धीर देता येत नाही आणि आज घेताही येत नाही.

तेव्हा प्रघाताप्रमाणे, अध्यक्षांचे आभार, व्यासपीठावरील मान्यवरांचे आभार, चर्चच्या भगिनींनी हॅम केला त्यांचेही मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात वडीलधाऱ्यांचा मान राहिला नसेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर सभागृहाने मला उदार मनाने क्षमा करावी. दुखावलं नसेल त्याने मात्र करू नये.

आणि बाई, तुम्ही तशाच उभ्या राहा. मी खाली येतो आहे.