अहो, कचरा होता तो!

अहो, कचरा होता तो! नाही, तुम्हीच सांगा, मुदत संपलेल्या मालाला कचरा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुम्हाला सांगते, नेदरलँड्सला जाऊन मी हेच तर शिकून आले... पाकीट वेगळं, आतलं अन्न वेगळं, पाकीट रिसायकलिंगला, अन्न खताला! म्हणून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर खताचा ड्रम ठेवला, तर सेक्रेटरी विद्याधरकाका म्हणाले, "अबोली, रविवारी हा ड्रम भरून दाखव. नाही भरला, तर सोमवारी भंगारात!"

भरते की! कोपऱ्यावरच्या निमेशभाईंच्या दुकानातून मुदत संपलेलं फरसाण, ब्रेड, दही, सगळं पोतं भरून आणलं, काकूमंडळाला गच्चीवर बोलावलं, म्हटलं, कात्रीने कापा, आतलं ड्रममध्ये, पाकीट टोपलीत. सोपं आहे ना? विनिताकाकूंनी पहिलं पाकीट कापलं... आणि चिमूट थेट तोंडात! "अगं, कुरकुरीत आहे की!" काकू, तारीख गेलीय! "तारीख पाकिटावर असते गं, शेवेला काय कळतंय?" अहो, कचरा होता तो!

तोवर आमच्या मातोश्री ब्रेड हुंगून म्हणतात, "कालचीच तर तारीख आहे. तव्यावर भाजला की झकास!" आई, तू तरी माझ्या बाजूने बोल ना! "तुझ्याच बाजूने आहे, पण म्हणून अन्न टाकायचं?" झालं! कुणी खालून मटकीची उसळ आणली, कुणी दह्यात साखर घातली, कुणी शेगडीच वर चढवली... आणि मी एकटी रिकाम्या ड्रमपाशी, हातात कात्री घेऊन! पाकिटं मात्र काय चाटूनपुसून लख्ख, नेदरलँड्समध्येसुद्धा इतकी स्वच्छ पाहिली नव्हती!

मग काका आले. ड्रममध्ये डोकावले. "कुठंय ओला कचरा?" मी तोंड उघडणार, तोवर त्यांच्या हातात मिसळीची प्लेट! कचरा होता हो तो, काका! दुसरी प्लेट संपवून त्यांनी जाहीर केलं, "आपल्या सोसायटीत ओला कचरा होतच नाही. मग ड्रम हवाय कशाला?" टाळ्या! सगळ्यांत जोरात कुणाच्या? माझ्या आईच्या!

जाऊ दे. भूक लागली होती, मीही प्लेट घेतली, वर लिंबू पिळलं... म्हटलं, चला, निदान ही साल तरी! ड्रमवर हात नेला, तेवढ्यात विनिताकाकू मागून ओरडल्या, "अगं ए, टाकतेस काय? तांब्याची भांडी घासायला दे इकडे!"

...दिली.