प्रश्नचिन्ह चालत नाही

—बूट राहू दे रे, फरशीचं व्हायचं ते होऊन गेलंय, बर्फ आत आलाच आहे तर तूही ये. पेल्टोंचा वेंडेल ना तू? चेहऱ्यावरून नाही ओळखलं मी – दाढी वाढवली की तुम्ही सगळे सारखेच दिसता – पण दारात असा एका पायावर उभा राहिलास ना, तेव्हा ओळखलं. चौथा बाक, खिडकीची जागा, आणि जुन्या खाणीच्या वळणावर हमखास उलटी! लाजतोस काय? शाळेची बस चालवली मी इतकी वर्षं, या अख्ख्या कॅल्युमेट गावात कोण कुठल्या वळणावर ओकायचं ते मला तोंडपाठ आहे. त्यातला एक आता न्यायाधीश झालाय – मी समोरून आले की रस्ता ओलांडतो बिचारा. तू बस. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. ही घे. कॉफी ओतलीय, वेलचीची पावपोळी आहे, हात पुसायचे मग कंप्युटरला लावायचे.

तर काय झालं – काय होणार, अपडेट झालं! मी मागितलं होतं का? नव्हतं. ते खाली कोपऱ्यात रोज विचारायचं, आता करू का, मी म्हणायची नंतर, ते विचारायचं आता, मी म्हणायची नंतर – असं आमचं छान चाललं होतं. आणि मागच्या आठवड्यात त्याने विचारलंच नाही. मी चहाचं आधण ठेवायला उठले तेवढ्यात पडदा निळा आणि मधोमध ते गोल-गोल फिरणारं चक्र. बंद करू नका म्हणे. मी कशाला बंद करतेय, माझं अर्धं काम आत अडकलेलं – बरं ते जाऊ दे. चालू झाल्यावर सगळं जागच्या जागी, पत्ते खेळायचे तेही जागेवर, आणि ड्राइव्ह गायब. गायब म्हणजे नाव दिसतं, त्यावर लाल फुली. आतला नाही रे ड्राइव्ह – तो डबा. रेइनोचा डबा. माझा धाकटा भाऊ रेइनो, तुला आठवत असेल, पाइपलाइनच्या ऑफिसात होता, त्याने काळा डबा आणून तळघरात ठेवला, हिरवे दिवे लुकलुकतात तो. या घराचे दोन भाग ना – हा माझा, पलीकडचा त्याचा – त्याने भिंतीला भोक पाडून वायर इकडे आणली, म्हणाला, आउने, आता तुझं नि आमचं सगळं एका जागी राहील, दोन्ही कंप्युटरवरून उघडेल. उघडायचंही. तो गेला, त्यानंतरही डबा चालूच. त्याच्यापेक्षा डबा टिकला.

माझी गाणी आहेत त्यात. चर्चच्या गायनवृंदाची, सगळी स्वरलेखनाची पानं. रविवारी लागणार. म्हणून तर तुला बोलावलं, नाहीतर मला काय घाई – मला काहीही घाई नाही.

सगळं करून पाहिलं मी, तू ते विचारूच नकोस. बंद केला, चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. मदतीच्या नंबरवर फोन केला – तिथला पोरगा इतका गोड बोलत होता की मला वाटलं आता काहीतरी विकणार – त्याने ड्राइव्ह काढून पुन्हा जोडायला लावला, पत्ता टंकायला लावला, ते दोन उलटे दांडे देऊन. ते दांडे कळफलकावर शोधण्यात माझी कॉफी निवली. आणि मग आली ती पाटी. बघ, हीच. वाच. "तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे" – माझी संस्था! वेंडेल, मी या घरात एकटी राहते. एक मांजर होतं तेही गेलं. कुठली संस्था? कोण बसलंय माझ्या संस्थेत धोरणं ठरवायला? मला तरी बैठकीला बोलवायचं!

हं. हं. सावकाश सांग. म्हणजे आधी डब्यात जाताना नाव-गाव कुणी विचारत नव्हतं, कुणीही पाहुण्यासारखं आत जायचं. आणि आता या नव्या अपडेटने ठरवलंय की पाहुणा चालणार नाही, ज्याने-त्याने आपलं नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा. बरं, मग सांगू की! आउने लाहती. लिही. – डब्याला माझं नाव माहीतच नाही? भावाचा डबा आणि बहिणीचं नाव माहीत नाही, वा. आणि ते नाव डब्यात घालायचं तर – मालकाच्या पासवर्डने. मालक तर गेला ना रे. आणि डबा? डबा पलीकडे. तिच्या तळघरात. डोलोरेसच्या. रेइनोची बायको, माझी भावजय. नाही, मी जाऊन विचारू शकत नाही. कारण आम्ही बोलत नाही.

गाजरावरून. हसू नकोस! तुझी आई पेस्टीच्या पारीत काय भरते? मांस, बटाटा, कांदा, सलगम. बरोबर. शहाणी बाई. चार गोष्टी. खाणीतली माणसं तेच बांधून न्यायची. आणि रेइनोच्या दफनानंतर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये जेवण, अख्खं गाव हजर, मी पेस्टी मोडते – आत गाजर! केशरी! भावाच्या मयताला! मी म्हटलं, डोलोरेस, हे काय? तर सगळ्यांसमोर म्हणते, रेइनोला गाजरच आवडायचं, तुझ्या भीतीने कधी बोलला नाही. – आता सांग. खोटं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी विसरले असते. घे ना अजून एक पोळी.

नाही, अगदीच बोलत नाही असं नाही. म्हणजे तोंडाने नाही. ते – आता तू हसशील. एकदा हिटरचं तेल संपत आलं होतं, तेल दोघींत मिळून येतं, सांगणं तर भाग होतं. तर मी त्या डब्यात, दोघींना दिसेल अशा जागी, एक रिकामी फाइल केली आणि तिला नाव दिलं, "तेलवाल्याला बोलाव". आत काही नाही. नुसतं नाव. संध्याकाळी पाहते तर शेजारी दुसरी फाइल, "कालच बोलावला". असं सुरू झालं. मग "तुझ्या पायरीवर बर्फ साठलाय". "दिसतंय मला". "मग उचल". "पाठ दुखतेय". तेव्हा मी जाऊन उचलला, ती झोपली होती. मग "पायरी कुणी साफ केली". मी लिहिलं, "अस्वलाने". तेव्हापासून बर्फ पडला की ती लिहायची, "अस्वलाचे आभार". अशा किती फाइली झाल्या असतील कोण जाणे, पुसायचं कुणीच नाही. ती मेलेल्या माणसांच्या बातम्या टाकायची, मी हवामान. सकाळी उठलं की कॉफी ओतायच्या आधी मी – नाही, तसं काही रोज नाही बघायची मी. अधूनमधून.

गाणी? गाणी गेली खड्ड्यात, वेंडेल! गाणी काय चर्चमध्ये छापलेली आहेत कपाटभर!

थांब, जरा बसते. डुगडुगू दे. हे बघ, अपडेट झालं त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच्या जरा आधी, मी उघडून बघते तर नवी फाइल. "मी शेरीकडे राहायला जावं". शेरी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची, टुसॉनला असते, तिथे म्हणे जानेवारीत लिंबं लागतात. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मला राग आला, काय लपवू. इतकी वर्षं एका छपराखाली काढायची आणि जायचं ठरल्यावर असं कळवायचं, जसं काही तेल संपलंय? तर मी पण लिहिलं. एकच अक्षर. "जा". बटण दाबलं, गेली फाइल. आणि चहाचं आधण ठेवायला उठले. आणि भांड्यात पाणी ओतताना – तूच सांग, तुला तर हे कळतं – फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं का? नाही ना! चालत नाही! कंप्युटर घेतच नाही! मी स्वतः शंभरदा आपटलंय त्यावर डोकं! म्हणजे ती विचारत होती. "मी शेरीकडे राहायला जावं" – आता याच्या पुढे ते चिन्ह लावून वाच. बघ. बघ कसं होतं ते. ती बाई मला विचारत होती, आणि मी – मी पळत आले, भांडं तसंच ठेवून, म्हटलं नाव बदलते – आणि पडदा निळा. चक्र फिरतंय. बंद करू नका.

तेव्हापासून ते "जा" तिथे बसलंय आणि मला आत जाता येत नाही. परवा पिवळा कोट घातलेली एक बाई आली होती, डोलोरेसच्या भागाचे फोटो काढत होती, ओसरीचे, खिडक्यांचे. घरं विकतात त्यातली. मी पडद्याआडून – मी खिडकी पुसत होते.

पासवर्ड? रेइनोचा? त्याचा एकच पासवर्ड असायचा सगळ्याला. मुस्ती. त्याची कुत्री. पुढे काही आकडा? मुस्ती एकच होती, आकडा कशाला. घाल तू. तुझ्या त्या छोट्या कंप्युटरवरून जाता येतं? थेट डब्याच्या पानावर? मग हे आधी का नाही केलंस, इतकी पोळी खाल्लीस! – उघडलं? खरंच उघडलं? रेइनो, शहाण्या! दाखव, चष्मा – डोक्यावरच आहे. तेल, बर्फ, अस्वल, अस्वल, अस्वल, नेल्माच्या दफनाची वेळ, हां खाली जा, अजून खाली. तो बघ. "जा". कसा दिसतो मेला. आणि त्याच्या खाली काय आहे? ते माझं नाही. वाच तू, मला – वाच.

"बरं".

एवढंच? पुढे काही नाही? नीट बघ. "बरं". – वेंडेल, तू डोलोरेसला ओळखत नाहीस. ही बाई कधी बरं म्हणत नाही! मी म्हटलं आज गुरुवार, तर म्हणते बघावं लागेल. डॉक्टरने सांगितलं मीठ सोड, तर त्यालाच मिठाचे फायदे सांगून आली. लग्नात पाद्रीने विचारलं तेव्हासुद्धा ती आधी थोडी थांबली होती, मी तिथे होते! आणि माझ्या त्या एका अक्षरावर – बरं. भांडली असती ना, तरी मी झोपले असते रे. चार शिव्यांची फाइल टाकली असती. टाकता येतात, शिव्यांना बंदी नाही.

बदल ते. आत्ता बदल. "जा" काढ, "जाऊ नको" लिही. हो, एवढंच. नाही – "तू विचारत होतीस हे मला कळलं नाही, जाऊ नको". फार लांब होतं? चालेल ना तेवढं नाव? लिही. जपून. झालं? दिसतंय? बास. घे, आता निवांत कॉफी घे, ओतते नवी. घड्याळ कशाला बघतोस? अजून कुठे जायचंय? – शेजारी? कुठल्या शेजारी? या शेजारी? तिने बोलावलंय तुला? तिचाही कंप्युटर – तीच पाटी? लाल फुली? अपडेट कधी झालं तिचं? माझ्यानंतर एक दिवसाने. म्हणजे तिलाही पाहुणी म्हणून आत घेत नाहीये. तिच्याही संस्थेचं धोरण! आणि तिने तुला काय सांगितलं, काय अडलंय म्हणून? – पाककृती. हं. पाककृती म्हणे. त्या बाईने आयुष्यात पाककृती लिहून ठेवलेली नाही.

पण मग – थांब. म्हणजे आपण आत्ता हे जे लिहिलं, ते तिला दिसणारच नाही. तिने शेवटचं पाहिलं ते माझं "जा". त्यावर बरं म्हणाली, आणि दार बंद झालं. आणि इतके दिवस तिला वाटतंय की मी तिचं "बरं" वाचलं आणि गप्प बसले.

नाही, तू जाऊन तिचा दुरुस्त करू नकोस. बस. अरे बस म्हणते ना! तू जाणार, नाव घालणार, पासवर्ड घालणार, ती चष्मा शोधणार, तोवर ती पिवळ्या कोटाची बाई सही घेऊन जाईल. माझा कोट कुठाय? तो नाही, तो हिरवा. बूट. टोपी राहू दे, दोन पायऱ्या उतरायच्या नि दोन चढायच्या. काय बोलू रे तिच्याशी? फाइलचं नाव ठरवायला मला तासभर लागायचा, पुसायचं, परत लिहायचं, आणि तोंडाने बोलताना पुसायचं कसं – तू काय सांगणार, तू तर बसमध्येही कुणाशी बोलायचा नाहीस. दार वाजवीन आणि प्रश्नच विचारीन सरळ. आवाज चढवून. म्हणजे चिन्ह ऐकू येईल.

तू आता घरी जा. सोमवारी ये, तेव्हा घाल काय नावं घालायची ती दोघींची. आज काही दुरुस्त करायचं नाही, ऐकतोयस ना? पोळ्या ने बांधून. आणि त्या भिंतीशी उभा राहू नकोस – पातळ आहे, सगळं ऐकू येतं पलीकडचं, अगदी चमचा ठेवला तरी. मला कसं माहीत ते विचारू नकोस. निघ.