अहोरिता होईल

मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन्या चोले, म्हणजे चोलेबाई, आपला कॉम्प्युटर घेऊन उभ्या होत्या.

“अपडेटनंतर हा सुरूच होत नाही रे, रेमिहिओ. उद्या नातीचा पंधरावा वाढदिवस आणि नाचाची सगळी गाणी ह्यातच!”

“अपडेट पूर्ण होऊ दिलंत ना?”

“छे! स्क्रीनवर आलं, ‘थोड्याच वेळात होईल.’ म्हणजे आपलं ‘अहोरिता’च की, नावाला ‘आत्ता लगेच’! मी वायर उपटली.”

“अहो, बंद करू नका असंही लिहिलेलं असतं!”

“असेल. माझा नवरा ‘अहोरिता आलो’ म्हणून जेवणाला तोर्तिया-पोळ्या आणायला गेला, त्याला एकवीस वर्षं झाली.”

“ठेवून जा. गाणी कुठे जात नाहीत.”

“कधी देशील?”

“अहोरिता, दोन्या.”

“मग ती खुर्ची दे इकडे. आणि दाराला आतून कडी लाव.”