रोज सहा डेट्स

माझ्या सासूबाई सरकारी नोकरीत आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला नववा लागला आणि नारायण पेठेतून त्यांचा फोन आला, "डॉक्टरांनी डेट दिली का गं? मला रजेचा अर्ज टाकायचाय."

मी नुकतीच तपासून आले होते आणि माझं तोंड भरलेलं होतं. म्हटलं, "हो आई, डेट्स दिल्यात की. रोज सहा."

"रोज सहा?"

"हो ना. त्यानं कळा सोप्या जातात म्हणे."

मग म्हणाल्या, "दवाखान्यात गेली होतीस की कोर्टात?"

"अहो आई, डेट्स म्हणजे खजूर!"

"मग खजूर म्हण की! आमच्या वेळी खजूर खायचो आणि तारीख एकच मिळायची."