मॉली आणि माझा उजवा हात

मी मूळची चिंचवडची. दोन हजार सालच्या आसपास लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले, आधी पॅकिंगचं काम केलं, मग नर्सरीत लागले, तीन-चार वर्षांच्या पोरांत, आणि काय सांगू तुम्हाला, तिथं माझा जीव रमला. पोरं मला नावानंच हाक मारतात, सुलभा म्हणून! आधी कसंतरीच व्हायचं, आता सवय झाली.

तर एका हिवाळ्यात बसस्टॉपवर बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं नुसती लाकडासारखी, चिमटीत काही धरवेना. पोरांच्या कोटाची बटणं, डब्यांची झाकणं, सगळं बोटांचंच काम हो आमचं. मॅनेजर बाई चांगली, पण तीही म्हणाली, ईस्टरपर्यंत बघू सुलभा, नाही जमलं तर मला दुसरं कुणी घ्यावं लागेल.

मग मी पोरांच्याच टेबलाशी जाऊन बसले. आमच्याकडे बोटांत ताकद यावी म्हणून आधी खेळ देतात, पेन्सिल नंतर. पिठाचे गोळे मळा, दोरीला चिमटे लावा, मणी ओवा. मीही तेच करायला लागले, आणि मणी कसले ओवतेय, निम्मे खाली! तिथं मॉली म्हणून एक पोरगी होती, भारी हट्टी, बोटं कच्ची, बाकीची पोरं भराभर ओवायची म्हणून ही मण्यांना हातच लावायची नाही, लावलाच तर उधळून द्यायला. माझी फजिती बघून ती खुदकन हसली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तिच्यापेक्षा हळू कुणीतरी सापडलं ना तिला! मग रोज आम्ही दोघी, एक मणी तिचा, एक माझा. माझा पडला की म्हणायची, परत कर सुलभा, रडायचं नाही. मी खरंच रडकुंडीला आलेली असायचे हो.

करता करता चिमटीत जोर आला. ईस्टरच्या आधी मॅनेजरसमोर मी एका पोराच्या कोटाची सगळी बटणं लावली, तिनं मला मिठीच मारली. नोकरी राहिली.

त्याच आठवड्यात किचनच्या दारातून सहज बघितलं, तर मॉली दुसऱ्या पोरांबरोबर मणी ओवत होती, भराभर, सगळ्यांच्या पुढे. मी येऊन शेजारी बसले, तशी लगेच हळू झाली, माझ्या हाताकडे बघत बघत. किती दिवस ती चिमुरडी माझ्यासाठी थांबत होती, देव जाणे.

आता मॉली मोठ्या शाळेत जाते, रस्त्यात भेटली की लाजते, आईच्या मागे लपते. लपू दे बापडी. सुखात राहो.