बारानंतर फोन वाजला नाही त्याबाबत

नाव: हॅलोआजी, सगळे याच नावाने ओळखतात. वय: बहात्तर, एखादं वर्ष इकडेतिकडे. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. काम: मुलाच्या लिफ्ट दुरुस्तीच्या दुकानात फोन घेणे, सव्वीस वर्षं. राहणार: त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी न पढवता जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा आणि सून असे तिघं राहतो. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून ऑफिस आणि कम्प्युटर बघते. पाच मजली इमारतीतले घड्याळवाले मंगळवारी लिफ्टमध्ये अडकले, त्याबद्दल त्यांच्या मुलीने माझ्या सुनेवर तक्रार दिली आहे. सुनेने फोन बंद पाडले आणि कोणी लक्ष दिलं नाही, असं तक्रारीत आहे. सून आज सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे. तिला चहासुद्धा कोणी विचारला नाही, हेही लिहा.

आमच्याकडे एकशे बारा लिफ्ट आहेत. प्रत्येकीत एक लाल बटण असतं. कोणी अडकलं आणि ते दाबलं, की माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. मला भराभर लिहिता येत नाही, म्हणून दर फोनला, लिफ्टचा असो की गिऱ्हाइकाचा, मी वहीत एक उभी रेघ मारते. ती वही साहेबांनी जमा करून घेतली आहे.

मंगळवारी सकाळी दहाला सून जुना फोन काढून इंटरनेटवरचा लावायला बसली. जुनी तार महिनाअखेर बंद होणार, असं फोन कंपनीचं पत्र आलं होतं. मी म्हणाले, महिनाअखेरीला अजून अठरा दिवस आहेत. ती म्हणाली, "आई, तहान लागल्यावर विहीर खणायची का?" मी म्हणाले, "तहान कोणाला लागलीये? माझा हंडा भरलेला आहे." त्यावरून आमची जुंपली. मी तिला काय काय बोलले ते सरकारी कागदावर शोभणार नाही. तिनेही हातचं राखलं नाही.

तिने मला समजावलं आणि मला जेवढं समजलं तेवढं सांगते. इंटरनेटवरून येणारे सगळे फोन एका वाटेने दुकानात शिरतात. त्या वाटेला ट्रंक म्हणतात. भामट्यांचे फोन घुसू नयेत म्हणून त्या वाटेवर पहारा असतो. कंपनीच्या इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून आलेला फोन आत सोडायचा, त्याची यादी आपण कम्प्युटरमध्ये भरायची. यादीत नसेल तो दारातूनच परत. आपल्याला कळतसुद्धा नाही की कोणी आलं होतं. कंपनीचे असे पत्ते दोन होते. एक पत्राच्या पुढच्या बाजूला, एक मागच्या. पुढचा भरला गेला. पान कोणी उलटलं नाही. आमचे बाहेरून येणारे सगळे फोन, लिफ्टचे धरून, नेमके मागच्या पत्त्यावरून यायचे. हे दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने सांगितलं.

अकरा वीसला सुनेने मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावून पाहिला. माझ्या टेबलावर वाजला. "बघा आई, वाजला की नाही?" मी म्हणाले, "वाजला. आता आरती ओवाळू का?" वहीत त्याची रेघ आहे. तिच्या मोबाइलमध्ये दुकानाच्याच फोनचं ॲप आहे, त्यामुळे तो फोन बाहेर गेलाच नव्हता, आतल्या आत फिरून आला होता. स्वयंपाकघरातून मारलेली हाक पुढच्या खोलीत ऐकू आली, म्हणजे रस्त्यावर ऐकू गेली असं होत नाही. पण हे तेव्हा तिला सुचलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं.

पावणेबाराला ती लिफ्टचे परवाने आणायला सरकारी कचेरीत गेली. जाताना दारातून म्हणाली, "आई, फोन येत नाहीत असं वाटलं तर मला लगेच सांगा हं." मी मान हलवली.

बारा ते एक या वेळात माझ्या वहीत रोज आठदहा रेघा असतात. त्या दिवशी एक नाही. एक ते दोन, एक नाही. साहेबांनी विचारलं, फोन बिघडलाय असं तुम्हाला कधी वाटलं? साडेबाराला वाटलं. एक वाजता खात्री झाली. सव्वीस वर्षांत माझं टेबल एवढं गप्प कधी बसलं नव्हतं.

मग सुनेला का सांगितलं नाही, असं विचारल्यावरून सांगते की, मला सांगायचं नव्हतं. चारला मुलगा कामावरून येणार होता. त्याच्यासमोर वही टाकायची आणि म्हणायचं, घे, बघ तुझ्या हुशार बायकोचं यंत्र. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. मी जेवले. पोळी गार झाली होती, तरी सावकाश जेवले.

घड्याळवाले दोन वाजून दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून लिफ्टमध्ये चढले. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. बटण अकरा वेळा दाबल्याची नोंद लिफ्टच्या पेटीत आहे. पहिल्यांदा दोन चौदाला.

घड्याळवाल्यांना मी आवाजाने ओळखते. याआधी ते दोनदा अडकले होते. मुलगा पोचेपर्यंत दोन्ही वेळा मी फोनवर बोलत बसले होते. एकदा बावीस मिनिटं. ते म्हणाले होते, "आजी, वरचा दिवा लुकलुकतोय, मला भीती वाटते." मी म्हणाले, "वरती बघू नका, मनगटावर बघा. जगाची घड्याळं सुधारता, मग स्वतःच्या घड्याळाकडे बघून वेळ काढा." ते हसले होते.

इमारतीतल्या सफाईवालीने त्यांना अडीचच्या सुमारास दारातून विचारलं होतं, कोणाला बोलावून आणू का. तिने सांगितलं ते असं, की घड्याळवाले आतून म्हणाले, "नको, आजी उचलतील. त्या उचलतातच." म्हणून ती वर गच्ची धुवायला निघून गेली. परत आली तेव्हा आतून उत्तर येईना.

तीन पन्नासला ती धापा टाकत दुकानात आली. "आजी, फोन उचलायला हात झिजतात काय तुमचे?" मी मुलाला फोन लावला. दुकानातून बाहेर फोन लागत होता. चार वीसला त्याने दार उघडलं. घड्याळवाले खाली पडलेले होते. त्यांना साखरेचा आजार आहे. ते दवाखान्यात आहेत, जिवंत आहेत, अजून बोलत नाहीत. मी काल गेले होते. त्यांच्या मुलीने मला आत जाऊ दिलं नाही. तिचं बरोबर आहे.

पान उलटलं नाही ही सुनेची चूक. ती साडेबाराला सुधारली असती. तिने सांगायला सांगितलं होतं आणि मी सांगितलं नाही. ते गप्प बसणं माझं आहे, तिचं नाही.

यावर साहेब म्हणाले, "आजी, विचार करून बोला. हे लिहिलं तर तुम्हीच अडकाल." मी म्हणाले, "लिहा. आणि तिला घरी पाठवा, दुकानात फोनवर कोणी नाही."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "अनवधानाने सांगायचे राहून गेले" असं आलं होतं. अनवधानाने म्हणजे काय ते मी विचारलं. साहेबांनी अर्थ सांगितला. ते खोडायला लावलं आणि "जाणूनबुजून सांगितले नाही" असं घालून घेतलं. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकीचा जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि खरा आहे.